पाठमोरा जपान

बोईसरजवळच्या आमच्या पाम गावात परदेशी जाऊन आलेल्या माणसाचं आता कुणाला नवल वाटत नाही. कुणी दुबईला असतो, कुणी मस्कतला, कुणी जहाजावर. येतात, चॉकलेटं वाटतात आणि आठवडाभरात बोईसर स्टेशनबाहेर रिक्षावाल्याशी हुज्जत घालताना दिसतात. विषय संपला. नानांचा विषय मात्र संपत नाही. नाना जपानहून येऊन बरीच वर्षं झाली, पण बोलताना ते अजून ‘परवाच’ आलेले असतात.

नाना तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. उभी हयात पंपांची सीलं बदलण्यात गेली. निवृत्त झाले आणि टोकियोतल्या लेकीने नाना-नानी दोघांना बोलावून घेतलं. लेक राहते निशी-कासाईत. टोकियोच्या एदोगावा वॉर्डातला हा भाग. आपली माणसं तिथे इतकी, की २०१९ साली योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस तिथल्या वॉर्डाच्या सभेवर निवडून आला. नानींना पहिल्याच दिवशी हिंग आणि कढीपत्ता मिळाला, त्या खूश. नाना खट्टू. एवढं विमानभाडं भरून यायचं आणि सकाळी लिफ्टमध्ये कोण, तर पुण्याचे जोशी!

मग जावयाने कॅमेरा दिला. निकॉन. खास जपानात घेतलेला. पोटावर ‘मेड इन थायलंड’ असं लिहिलेलं आहे, तिथे नाना अंगठा ठेवूनच तो दाखवतात. सोबत जावयाने कार्तिए-ब्रेसाँ या फोटोग्राफरचं पुस्तकही दिलं, आणि तिथेच घात झाला. १९३२ साली पॅरिसच्या सेंट लाझार स्टेशनामागे या गृहस्थाने साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारा एक माणूस टिपला. टाच पाण्याला टेकणार, पण अजून टेकलेली नाही. फोटो कुंपणाच्या फटीतून काढलेला. “त्याला पत्ताच नाही!” नाना मांडीवर थाप मारून सांगतात. “रस्त्यावरचा फोटो म्हणजे हे. माणसाला कळलं की फोटो मेला.”

मी एकदा म्हटलं, “नाना, पावसाळ्यात बोईसर स्टेशनसमोर दर मिनिटाला एक माणूस अशीच उडी मारतो.”

“त्याला बॅकग्राउंड नाही,” नाना म्हणाले.

नानांच्या फोटोंबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण ते बघायला बसल्यावर हसू आवरत नाही. त्यांच्या जपानात कुणालाही तोंड नाही. सगळी माणसं पाठमोरी. छत्रीवाला पाठमोरा, शाळकरी पोरं पाठमोरी, किमोनोतली बाई म्हणजे कमरेमागची गाठ. कारण अगदी साधं आहे: नाना मुळात लाजाळू. त्यात लेकीने सांगितलं की क्योतोच्या गिओन भागात खासगी गल्ल्यांत फोटो काढला तर दहा हजार येन दंडाच्या पाट्या आहेत. दहा हजार येनचे रुपये किती, हा हिशेब नानांनी उभ्या उभ्या केला आणि तिथून पुढे ते कायम माणसांच्या मागून चालले. एकदा मेट्रोत त्यांनी लेकीच्या फोनवरून प्रयत्न केला. तिथल्या फोनचा फोटो काढतानाचा आवाज बंदच होत नाही. चोरून फोटो काढणाऱ्यांना आळा बसावा म्हणून कंपन्यांनीच तशी सोय केली आहे. भर डब्यात ‘खटॅक’ झालं. वळून कुणीही बघितलं नाही. नाना म्हणतात, बोईसरच्या लोकलमध्ये कुणीतरी शिवी तरी घातली असती, बरं वाटलं असतं.

शिबुयाच्या त्या प्रसिद्ध चौकात मात्र नानांनी शर्थ केली. चारी बाजूंचा सिग्नल एकदम सुटतो आणि माणसांचा लोंढा रस्ता ओलांडतो. “एफ आठ, फोकस अडीच मीटरवर बांधलेला, कॅमेरा कमरेशी, डोळे आभाळात!” हे नाना उभं राहून करून दाखवतात. समोरून शेकडो माणसं येत होती. नानांनी टिपली ती जाणारी.

रविवारी संध्याकाळी टीव्हीला पेनड्राइव्ह लागतो. आम्ही शेजारी नानींच्या पोह्यांसाठी बसतो.

“हा बघा एकटेपणा,” नाना म्हणतात. पडद्यावर पावसात एक छत्री.

“बसच्या रांगेत आहे तो,” नानी आतून.

“तोच एकटेपणा.”

“त्याच्यापुढे पंधराएक माणसं होती. मी तिथेच होते ना.”

मे २०२४ मध्ये फुजीकावागुचिको गावात एका दुकानासमोर वीस मीटर लांब, अडीच मीटर उंच काळा पडदा लावला. दुकानामागे फुजी पर्वत दिसतो म्हणून फोटोवाल्यांची झुंबड उडत होती. ही बातमी नानांनी कात्रण कापून ठेवली आहे. “मी काढून आलो, त्यानंतर लावला,” असं ते म्हणतात. गावातल्या निम्म्या पोरांना तो पडदा नानांमुळेच लागला असं वाटतं, आणि नाना त्यांचा गैरसमज दूर करत नाहीत.

इकडे परतल्यावर नाना कॅमेरा घेऊन बोईसरच्या बाजारात गेले. मासळीवाल्या मावशीने लांबूनच ओळखलं. पदर सारखा केला, शेजारणींना हाका मारल्या, मोठं पापलेट उचलून गालाशी धरलं.

“मावशी, जरा तिकडे बघा.”

“तिकडं काय हाय? तू इकडं ये, जवळून काढ.”

नानांनी कसाबसा एक काढला. कॅमेरा पिशवीत जाण्याआधीच मावशीने वर्तमानपत्रात सुके बोंबील बांधले. “फोटो काढलास ना? आता हे घे.”

तो फोटो नानींनी फ्रेम करून स्वयंपाकघरात लावला आहे. चार बायका, एक पापलेट, सगळ्यांचे डोळे सरळ तुमच्यावर. माझ्या मते नानांनी आयुष्यात काढलेला तो एकमेव चांगला फोटो. नाना तो दाखवत नाहीत. “सगळे कॅमेऱ्यात बघतायत,” म्हणतात.

आता मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन आमच्या बोईसरला थांबणार, तंत्रज्ञान जपानचं. नानांनी आत्तापासून जागा हेरून ठेवली आहे. अर्थातच गाडी जाताना मागून.

पामला आलात तर नानांकडे जरूर जा, रविवारीच जा. फोटो बघा, वाहवा करा. फक्त त्या माणसांच्या समोर काय होतं ते नानांना विचारू नका. ते नानींना विचारा, आणि पोहे घ्या.