कसलाही मुतखडा, एकच पुडी

केडगावचे पुडीवाले महाराज यांस,


पुणे रस्त्यावरचा तुमचा फलक वाचला : ‘कसलाही मुतखडा, सात दिवसांत पाणी.’ नवसाला पावायला आपली रेणुकामातासुद्धा याहून जास्त वेळ घेते. तिने तुमच्याकडून शिकायला हवे.

पुडीत खायचा सोडा आहे, हे जिभेने ओळखले. सोड्याला नावे ठेवत नाही. क्षार देण्याची रीत आपल्याकडे यवक्षारापासून चालत आली आहे. लघवीचा सामू ६.५ ते ७ च्या दरम्यान राखला, तर युरिक ॲसिडचा खडा काही आठवड्यां-महिन्यांत खरेच विरघळतो. पण महाराज, दहातले आठ-एक खडे कॅल्शियमचे! कॅल्शियम ऑक्झलेटचा तयार खडा तुमच्या सोड्याला भीक घालत नाही. असा खडा पुन्हा होऊ नये म्हणून डॉक्टर अनेकांना पोटॅशियम सायट्रेट देतात, तेही मूत्रपिंड आणि रक्तातले पोटॅशियम तपासून. सोड्यातले सोडियम उलट लघवीत कॅल्शियम वाढवते. फॉस्फेटचे आणि जंतुसंसर्गाचे खडे तर क्षारधर्मी लघवीतच पोसले जातात. त्यांना तुम्ही रोज दोन वेळा खुराक देता, वर पैसेही घेता! आणि रक्तदाबाच्या म्हाताऱ्यांना? तीच पुडी.

पाच मिलिमीटरच्या आतले बहुतेक खडे आपणहून पडतात. मान मात्र पुडीचा. पडलेला प्रत्येक खडा तुम्ही मागून घेता आणि गल्ल्याशेजारच्या काचेच्या बरणीत टाकता. काय ती बरणी! आरोग्य खात्याने येऊन हार घालावा अशी. त्यातला एकही खडा आजवर प्रयोगशाळेत गेलेला नाही. गेला असता तर तो कशाचा हे कळले असते, आणि मग पुढच्या माणसाला वेगळे औषध द्यावे लागले असते. नसती कटकट.

श्रीगोंद्याची लिंबे आपल्या बाजारात येतात. त्यांतल्या सायट्रेटने कॅल्शियमचा खडा पुन्हा होण्याला थोडा आळा बसू शकतो. दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे, जेवणात मीठ कमी घ्यावे. पण हे फलकावर लिहिले तर पुडी कोण घेणार?

असो. बरणीतला माझा खडा तेवढा परत द्या, तपासायला पाठवायचा आहे. पुड्यांचे पैसे मागत नाही. उरलेल्या पुड्यांचा घरी ढोकळा केला, चांगला फुगला.

आपला,
बरणीतल्या एका खड्याचा मालक