आय-सेव्हन आहे ना?

काल्हेरला गोदामांना तोटा नाही. देशभर जाणारा माल इथल्या शेडमध्ये मुक्कामाला असतो आणि त्याची ई-वे बिलं काढायला एक कॉम्प्युटर लागतो. तो घ्यायला शेठ निघाले की अट एकच, "आय-सेव्हन पाहिजे." पुढचे आकडे विचारायचे नाहीत. स्थळ बघताना मुलाचा फ्लॅट विचारतात, हप्ते थोडेच विचारतात?

मग लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तात जुना आय-सेव्हन येतो. मॉडेल 2600, जन्म 2011चा. चार कोअर, आठ थ्रेड. 2022 साली आलेल्या आय-थ्री 12100लाही चार कोअर, आठ थ्रेडच आहेत. तरी हा धाकटा त्या थोरल्याला आरामात मागे टाकतो आणि वीजही कमी खातो. पण "आमच्याकडे आय-थ्री आहे" असं चारचौघांत सांगणार कोण?

दुसरी जात अतिहुशारांची. हे नावापुढे 'एफ' असलेला प्रोसेसर घेतात, कारण तो थोडा स्वस्त पडतो. 'एफ' म्हणजे आत ग्राफिक्स नाही, हे स्क्रीन काळी राहिली की कळतं. मग कार्ड आणा. वाचलेले पैसे गेले, वर पदरचे घातले.

आणि एवढ्या घोड्यावर बसणार कोण? टॅली! तीही जुन्या हार्ड डिस्कवरून, कारण एसएसडीपर्यंत पोचेतो बजेट संपलं. सकाळी विंडोज उघडेपर्यंत हिशेबनिसाचा चहा होतो, कधी दुसराही. शेठ मात्र खूश. कॅबिनेटवरचं निळं स्टिकर गेटवरच्या ड्रायव्हरलाही दिसतं.