वर्तणूक : चांगली

भाच्याचा शाळा सोडल्याचा दाखला काढायला गेलो होतो. शाळेचं नाव सांगत नाही. जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेचं घातलंत तरी लेखातलं काही बदलणार नाही. बाबूंनी जनरल रजिस्टर काढलं. नाव, आईचं नाव, जात, जन्मतारीख अंकी, जन्मतारीख अक्षरी, सगळं चष्मा वरखाली करत उतरवलं. मग 'अभ्यासातील प्रगती' आणि 'वर्तणूक' हे दोन रकाने आले, तेव्हा पेन बाजूला ठेवलं. ड्रॉवरमधून रबरी शिक्का काढला, त्याला तोंडाची वाफ दिली आणि ठप्प. 'चांगली'. खालच्या रकान्यात पुन्हा ठप्प. 'चांगली'.

"शिक्काच करून घेतला व्हय?"

"मग काय करता भाऊ? जूनात दाखल्याला रांग लागती. हात भरून येतो."

"अन् एखाद्याची वाईट असंल तर?"

बाबूंनी चष्म्यावरून पाहिलं. "त्याचा शिक्का नाही."

शिक्का नाही, कारण तो परवडत नाही. पोरगं कितीही हूड असलं, वर्गात फटाका लावून गेलं, तरी त्याला काढायची सोय कुठल्याच शाळेला उरलेली नाही. एक पोरगं गेलं की पट एकानं खाली येतो, पट खाली आला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, पद उडतं, पद उडालं की गणिताचे सर अतिरिक्त होऊन कुठल्या तरी दुसऱ्या तालुक्यात समायोजनाला जातात. तेव्हा ज्या पोरानं गणिताच्या सरांच्या गाडीची हवा सोडली, त्याच पोरावर सरांची नोकरी उभी आहे. असं नातं आई-लेकरातसुद्धा नसतं. आता सांगा, त्याची वर्तणूक चांगली नाही तर काय!

२०२४ च्या मार्चात सरकारनं संचमान्यतेचे निकष कडक केले. त्याच महिन्यात शिक्षकांच्या कपड्यांचाही शासन निर्णय आला. बाईंनी साडी किंवा सलवार-कुर्ता-ओढणी, सरांनी शर्ट-पॅन्ट, शर्ट खोचलेला. जीन्स नको, टी-शर्ट नको, नक्षीचा शर्ट नको. आणि नावाच्या आधी डॉक्टर-वकिलांसारखं 'टी' लावायची मुभा. त्याआधी २०२२ मध्ये वर्गात शिक्षकांचा फोटो लावायचा फतवा निघाला होता, खरे गुरुजी कोण ते पोरांना कळावं म्हणून. फोटो हजर राहणारच. त्याला निवडणुकीची ड्यूटी लागत नाही.

छडीचं सांगायचं तर १ एप्रिल २०१० ला शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला आणि त्याच्या कलम १७ नं चौदा वर्षांपर्यंतच्या लेकरांना मारणं आणि मानसिक छळ, दोन्ही बंद केलं. गावातली जुनी मंडळी अजून त्यावर हळहळतात. चावडीवर विषय निघाला की एक तरी म्हणतो, "आमच्या वेळचे मास्तर निरगुडीच्या फोकानं सोलून काढायचे, म्हणून आम्ही सुधरलो." सुधारलेला माणूस हे सांगताना बसलेला असतो पत्त्यांच्या डावाला. मीही तो फोक खाल्ला आहे. त्यातून मला एकच विद्या आली : फोक दिसला की हाताला तेल चोळायचं म्हणजे कमी लागतं. पाढे काही आले नाहीत. बाप शाळेत येऊन सांगायचा, "मास्तर, चामडी तुमची, हाडं आमची." हा सौदा लेकराला विचारून कधी झाला नाही. तेव्हा छडी गेली ते बरंच झालं. फक्त ती ठेवायची जागा अजून रिकामी आहे, तिथं काहीच आलं नाही. आले ते फलक.

फलक बघा. 'नेहमी खरे बोलावे.' 'मोठ्यांचा आदर करावा.' 'पाणी जपून वापरा', आणि खाली नळ, त्याला तोटी नाही. परिपाठात रोज प्रतिज्ञा होते. प्रत्येकाशी सौजन्यानं वागायचं वचन पोरं रोज सकाळी एका दमात देऊन टाकतात आणि रांग मोडताना पुढच्याची कॉलर ओढतात. ही प्रतिज्ञा १९६२ साली पैडिमर्री वेंकट सुब्बाराव नावाच्या तेलुगू लेखकानं लिहिली, विशाखापट्टणमला कोषागार अधिकारी असताना. ट्रेझरीतल्या माणसानं सौजन्य मागावं, यातली तळमळ पगारबिलाला खेटे घातलेल्या शिक्षकालाच कळेल.

फलकांचं शाळेबाहेरही हेच. आमच्या चारठाणा गावात यादवकाळातली देवळं आहेत, एक उंच कोरीव स्तंभ आहे. लांबून लोक कॅमेरे घेऊन येतात. अशा जुन्या कोरीव दगडावर आपल्याकडच्या पोरांना एकच गोष्ट सुचते : आपलं नाव, तिचं नाव, मध्ये बदाम. वेरूळपासून वाड्यावस्तीवरच्या शंकराच्या देवळापर्यंत हा पुरातत्त्वाचा नवा थर चढलेला आहे. उपाय काय, तर फलक. 'विद्रूप करणाऱ्यास दंड.' मग त्या फलकावर बदाम.

मी एकदा नववीच्या पोरांना विचारलं, सहल कुठं गेली? वेरूळ, दौलताबाद. गावातली देवळं सरांनी दाखवली का? पोरं एकमेकांकडं बघायला लागली. गावातलं कशाला दाखवायचं, ते तर रोज दिसतं! इतिहासाच्या पेपरात 'हेमाडपंती' शब्दाला गुण मिळतात. पण चुन्याशिवाय दगडात दगड कसा बसवला, खाच कुठं आहे, त्या खाचेत बोट कसं घालून बघायचं, हे शिकवायला तास नाही. एकदा मी त्यातल्या तिघांना घेऊन गेलो. दाराच्या चौकटीवरचं एक कीर्तिमुख दाखवलं, त्याचे डोळे, सुटलेली जीभ, आणि म्हटलं, हे तोंड कुणी कोरलं असेल? एक जण म्हणाला, "मामा, यानं नाव नाही टाकलं आपलं?" दुसऱ्यानं बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं, भाजल्यासारखं. अख्ख्या वर्षात फलकानं जेवढी वर्तणूक शिकवली नसेल, तेवढी त्या बोटाला एका मिनिटात आली. याला शिकवणं म्हणतात, पण हे शाळेच्या सरकारी यू-डायस नोंदीत भरायला कॉलम नाही.

आणि गैरवर्तन म्हणजे काय, हेही कायमचं ठरलेलं नसतं. १९३८ साली आपण निजामाच्या राज्यात होतो. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या पोरांनी वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हटलं. बेशिस्त! लोण उस्मानिया विद्यापीठापर्यंत गेलं, पोरांना काढून टाकलं. नागपूर विद्यापीठानं दार उघडलं म्हणून त्यांचं शिक्षण वाचलं. त्या बेशिस्तांतला एक जण, पी. व्ही. नरसिंह राव, १९९१ मध्ये पंतप्रधान झाला. त्यांच्या दाखल्यावर शिक्का कोणता पडला असेल, हे आमच्या बाबूंना विचारायचं राहिलं.

खरी परीक्षा पोरांच्या वर्तणुकीची नसते. ती दहावीच्या पेपराला असते आणि गावाची असते. वर्षभर शाळेकडं न फिरकलेले काका, दाजी, मोठा भाऊ त्या दिवशी कंपाउंडच्या भिंतीवर. खिशात मायक्रो झेरॉक्स, बोटाएवढी पट्टी, तिच्यावर अख्खा धडा. खिडकी कुठली, पोरगं कितव्या बाकावर, सगळं आदल्या दिवशी पाहून ठेवलेलं. एवढी पालक-सभा शाळेनं वर्षभरात कधी पाहिली नाही. शाळेत 'अपेक्षा' हा शब्द आता एकाच जागी जिवंत आहे, 'अपेक्षित प्रश्नसंचा'त. पोराकडून काय अपेक्षित आहे, ते त्या पुस्तकात आणि दाजीच्या खिशात.

कॉपीविरुद्धचा कायदा जुना आहे, १९८२ चा. परीक्षा मंडळाचा 'गैरमार्गाशी लढा' आहे. शेजारच्या नांदेडला २०१० च्या सुमारास जिल्हाधिकारी श्रीकर परदेशींनी कॉपी खरोखर बंद केली, तेव्हा निकाल धाडकन खाली आला. म्हणजे आधीचा निकाल कोणाचा होता, ते दिसलं. २०२५ ला ड्रोन आले. आकाशातून बघितलं तरी दिसायचं तेच : भिंतीच्या आत एक पेपर, बाहेर एक. आतला पोरगा घाबरलेला, बाहेरचा काका मात्र निवांत, कारण त्याच्या मनात तो गैरमार्गावर नसतोच. "लेकराचं वर्ष वाया जाऊ नये," एवढंच तो म्हणतो. लेकराला वर्षभर शिकवलं असतं तर भिंतीवर चढायची वेळ आली नसती, हे त्याला मास्तरला विचारता येत नाही, कारण मास्तर त्याला उलट विचारील की कापूस वेचणीला दिवाळीनंतर महिनाभर लेकरू कोणी नेलं होतं. दोघेही गप्प बसतात आणि निकाल लागला की एकाच फ्लेक्सवर छापून येतात.

तर दाखला. भाच्यानं हातात घेऊन वाचला. दहा वर्षांतला पहिलाच कागद त्यानं न सांगता नीट वाचला असेल.

"मामा, हे 'चागली' झालंय."

पाहिलं. शाई सुकत आली होती, 'चा'वरचा अनुस्वार उमटलाच नव्हता. दोन्ही रकान्यांत. बाबूंनी दाखला उजेडाकडं धरला, मग आमच्या मागच्या रांगेकडं पाहिलं.

"घरी गेल्यावर पेनानं टिंब द्या," ते म्हणाले. "कुणी नाही बघत."