रात्रीची मुठा सुंदर दिसते

मुठेचं सौंदर्य वाढवायला मोठे प्रकल्प लागतात हा गैरसमज आहे. एक ट्रायपॉड पुरतो. आयएसओ 100, अॅपर्चर एफ 11, शटर 30 सेकंद उघडं. तेवढ्या वेळात पाण्यावरचा फेस रेशमी होतो, जलपर्णीची छान हिरवळ होते आणि बारीक अॅपर्चरमुळे पुलावरच्या प्रत्येक दिव्याला चांदणीचे किरण फुटतात. वासाचं म्हणाल, तर सेन्सर कितीही मेगापिक्सेलचा असो, त्याला नाक नसतं.

दुचाक्यांच्या दिव्यांच्या लाल-पिवळ्या रेघा हव्यात? झेड ब्रिज गाठा. लकडी पुलावर संध्याकाळी त्या मिळतीलच असं नाही. रेघ उमटायला वाहन पुढे सरकावं लागतं. भिडे पुलाला पावसाळ्यात जावं. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की पूल पाण्याखाली जातो, आणि जो पूल दिसत नाही त्याचा फोटो काढायला अर्धं पुणं काठावर जमतं.

या तंत्राचा खरा गुण मात्र नैतिक आहे. 30 सेकंदांत जो स्थिर उभा राहतो तोच उमटतो. घाईत असलेला पुसला जातो. त्यामुळे कठड्यावरून निर्माल्याची प्लॅस्टिकची पिशवी भिरकावून, हात जोडून चटकन सटकणारा भाविक फोटोत येतच नाही. पिशवीही नाही. पुरावा शून्य, सौंदर्य शंभर टक्के.

फक्त दिवसा कॅमेरा काढू नये. दिवसा काढलेल्या नदीच्या फोटोला तक्रार म्हणतात.