एकतीस रकाने आणि एक खोली

बंगळुरूच्या राजाजीनगरात आमची ताई राहते. गेले तीन आठवडे भाऊजींनी संसाराकडे पाठ आणि लॅपटॉपकडे तोंड केलं आहे. आरोग्य विमा निवडणं चालू आहे. सात कंपन्या, एकोणीस प्लॅन, एक्सेलमध्ये एकतीस रकाने. ताईला बघायला आले होते तेव्हा पोहे संपायच्या आत होकार देऊन मोकळे झाले होते.

निमित्त नूतनीकरणाच्या नोटिशीचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के जीएसटी शून्यावर आला, तेव्हा भाऊजींनी घरी म्हैसूरपाक आणला होता. यंदाची नोटीस उघडली. जीएसटी शून्य, हप्ता मात्र जास्त. भाऊजी छप्पन्नचे झाले आणि वयाच्या पुढच्या गटात गेले.

सरकार कर माफ करतं. वाढदिवस माफ करत नाही.

मग ठरलं, कंपनीच बदलायची. पोर्ट करायचं. दोन महिने हातात होते. घाई कसली?

पहिला रकाना प्लॅनच्या नावाचा. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. ही नावं ठेवणारी मंडळी थेट सराफ बाजारातून उचलली असावीत. फरक एवढाच, की सराफाकडे हॉलमार्क असतो. एका कंपनीच्या गोल्डमध्ये जे मिळतं ते दुसरीच्या सिल्व्हरमध्येही असू शकतं, आणि तिसरीच्या प्लॅटिनममध्ये नसूही शकतं.

दुसरा रकाना कव्हरचा. पाच लाख, दहा लाख, एक कोटी. कोटी वाचून भाऊजींचा चेहरा असा खुलला, जणू रक्कम उद्याच खात्यात पडणार. त्यासाठी आधी कोटीभराचं आजारपण यावं लागतं, हे ताईने लक्षात आणून दिलं.

तिसरा रकाना हप्त्याचा. बहुतेकांची तुलना इथेच संपते. कव्हर जास्त, हप्ता कमी, सही कुठे करू?

आणि खोलीभाड्याचा रकाना? सत्ताविसावा. माउस उजवीकडे सरकवत गेल्याशिवाय दिसतच नाही.

तोच खरा रकाना. समजा पॉलिसी पाच लाखांची आणि खोलीची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला पाच हजार. तुम्ही खोली घेतलीत आठ हजारांची. चार दिवस राहिलात. तुमचा हिशेब सोपा: वरचे तीन हजार गुणिले चार, बारा हजार आपण भरू, बाकी कंपनी भरेल.

कंपनीचा हिशेब वेगळा. सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, भेटीला येणारे डॉक्टर, यांचे दर अनेक रुग्णालयांत खोलीच्या दर्जाप्रमाणे चढतात. म्हणून खोली ज्या प्रमाणात महाग, त्या प्रमाणात हा सगळा खर्चही कापायचा. पाच भागिले आठ. या खर्चाचं बिल एक लाख साठ हजार असेल, तर मंजूर एक लाख. साठ हजार इथले आणि बारा हजार खोलीचे, एकूण बहात्तर हजार तुमच्या खिशातून. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लावायची नाही, आणि जिथे खोलीप्रमाणे दर बदलत नाहीत तिथे ती चालवायचीच नाही, असं विमा नियामकाने सांगून ठेवलं आहे. तेवढाच दिलासा.

खिडकीतून झाड दिसणाऱ्या खोलीचे बहात्तर हजार. झाडाला मर्यादा नव्हती, खोलीला होती.

पुढे बारीक टाइप सुरू होतो. एरवी विम्यात न बसणाऱ्या वस्तूंची अडुसष्ट नगांची यादी आहे. त्यात ग्लोव्हज आहेत, मास्क आहे, डायपर आहे, थर्मामीटरही आहे. ताप कंपनीचा, तो मोजण्याचं यंत्र तुमचं. जादा हप्ता भरून यातलं बरंच आत घेता येतं. थोडक्यात, सर्जनने हातमोजे घालावेत यासाठी रायडर.

टॉप-अप आणि सुपर टॉप-अप हा आणखी एक गमतीचा प्रकार. दोन्हींत ठरावीक रकमेच्या, समजा पाच लाखांच्या, वरचं मिळतं. पण वर्षात चार-चार लाखांची दोन आजारपणं आली, तर साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं बघतो आणि म्हणतो, पाचाच्या वर गेलंच कुठे? सुपर वर्षाची बेरीज करतो आणि तीन लाख देतो. ‘सुपर’ या शब्दाला काही अर्थ आहे असं आपल्या देशातलं हे दुर्मीळ उदाहरण.

मग एजंट आला. भाऊजींची साखर गोळीवर आहे. फॉर्मवर मधुमेहाचा रकाना आला तसा एजंट म्हणाला, “कशाला उगाच?” लपवा असं तो कधीच म्हणत नाही. पॉलिसी सलग पाच वर्षं चालली की फॉर्ममध्ये माहिती दडवली म्हणून दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. फसवणूक म्हणजे काय? रुग्णालयाच्या कागदांवर ‘मधुमेह, दहा वर्षांपासून’ असं तुम्हीच सांगितलेलं असतं. तेव्हा एजंट फोन उचलत नाही.

भाऊजींनी खरं लिहिलं. शिक्षकाचा मुलगा.

“आणि ऑफिसची पॉलिसी आहेच की,” ते म्हणाले. आहे ना. ऑफिसची पॉलिसी ऑफिसच्या ओळखपत्रासारखी. शेवटच्या दिवशी दोन्ही गेटवर जमा.

या सगळ्या काळात खालच्या मजल्यावर एक भाडेकरू शांत झोपत होता. पीन्यातल्या एका मशीन शॉपमध्ये कामाला. पगार वीस हजार चारशे. त्यातून ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) पाऊण टक्का, म्हणजे १५३ रुपये कापले जातात. मालक सव्वातीन टक्के, म्हणजे ६६३ घालतो. त्यात तो, बायको, मुलं. सिल्व्हर नाही, गोल्ड नाही. उपचाराच्या खर्चाला कमाल मर्यादा नाही, असं महामंडळच सांगतं. अटी पुऱ्या झाल्या तर निवृत्तीनंतरही नवराबायकोला वर्षाला १२० रुपये भरून उपचार. ईएसआयचं मोठं रुग्णालय राजाजीनगरातच आहे, शेजारी त्यांचंच मेडिकल कॉलेज. १९४८ च्या कायद्यातून आलेली ही योजना. भाऊजींच्या एकतीस रकान्यांत तिला जागा नाही. असणार कशी? विकत मिळत नाही, म्हणून तुलनेत येत नाही.

“पण तिथे रांग असते,” भाऊजी म्हणाले.

असेल. तो त्यांचा को-पे, म्हणजे रुग्णाने भरायचा वाटा, समजा. आणि कॅशलेसमध्ये रांग नसते? डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्या, असं नियामकाला २०२४ साली लिहून द्यावं लागलं, ते काय उगाच? रांग तिथेही आहे. फक्त सोफ्यावर बसून, एसीत, कॉफी पीत.

जुलैत भाडेकरूला पगारवाढ झाली. एकवीस हजार पाचशे. त्याने पेढे वाटले. ईएसआयची मर्यादा एकवीस हजारांची, २०१७ पासून तीच. सप्टेंबरअखेर चालू सहामाही संपली की वर्गणी बंद, आणि लाभाची मुदत सरली की कुटुंबासकट बाहेर. अकराशे रुपयांची वाढ, आणि त्यात बायकोमुलांसह चौघांचा मेडिक्लेम बाजारातून घ्यायचा. याला बढती म्हणतात.

परवा संध्याकाळी तो जिना चढून वर आला आणि भाऊजींना विचारू लागला, “सर, कोणता प्लॅन चांगला?” भाऊजींना इतका आनंद गेल्या तीन आठवड्यांत झाला नव्हता. त्यांनी त्याला शेजारी बसवलं, ताईला कॉफी ठेवायला सांगितली आणि पत्रक पहिल्या रकान्यापासून समजावायला घेतलं. सत्ताविसाव्यापर्यंत पोचायला साडेनऊ वाजले. त्याच्यासाठी बत्तिसावा रकाना उघडला आहे.

पोर्टिंगचा अर्ज नूतनीकरणाच्या साधारण पंचेचाळीस दिवस आधी द्यावा लागतो. नंतर घ्यायचा की नाही, ही नव्या कंपनीची मर्जी. भाऊजींचे एकोणचाळीस उरलेत.