रात्री साडेदहाला चालून बघा

"साहेब, एकदम फॅमिली एरिया. सगळे आपलेच लोक आहेत."

एजंटचं हे वाक्य कानावर पडलं की गावाहून आलेल्या बापाचा जीव भांड्यात पडतो. जून म्हणजे पुण्यात खोल्या शोधण्याचा हंगाम. लातूर, नांदेड, जळगाव, सोलापूरहून आलेले आईबाप मुलीला बरोबर घेऊन पेठा, कर्वेनगर, कोथरूड, धनकवडी पालथं घालतात. हाताशी एकच दिवस, रात्रीच्या ट्रॅव्हल्सचं परतीचं तिकीट खिशात. भर दुपारी चार खोल्या बघायच्या आणि त्यातल्या एकीचं डिपॉझिट देऊन मोकळं व्हायचं. त्या घाईत मुलीच्या सुरक्षिततेचा निकाल एजंटच्या दोन वाक्यांवर लागतो.

प्रश्नही ठरलेले असतात. इथे मुलीच राहतात ना? गेट कितीला बंद होतं? मालक वरच असतात ना? आणि मग जरा आवाज खाली आणून विचारलेला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: आजूबाजूला वस्ती कुणाची?

या शेवटच्या प्रश्नाबद्दल बोलायलाच हवं. त्याचं उत्तर आडनावांत दिलं जातं. शेजारी झोपडपट्टी आहे का, मशीद आहे का, कोणत्या समाजाची घरं जास्त आहेत, एवढंच त्यात विचारलेलं असतं आणि एवढंच सांगितलं जातं. मला या प्रश्नाचा राग येतो. तो भेदभाव आहे, हे तर झालंच. पण ज्या मुलीच्या काळजीपोटी तो विचारला जातो, तिला त्याच्या उत्तराचा काडीचाही उपयोग होत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगतात. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, लग्नाचं वचन दिलेला, कामावरचा साहेब. म्हणजे भीती परक्यांची आणि धोका ओळखीतल्यांचा. 'सगळे आपलेच लोक' हे ऐकून निर्धास्त होणाऱ्याने हा आकडा एकदा नीट वाचावा.

आता सदाशिव पेठ घ्या. पुण्यात याहून 'चांगली वस्ती' एजंटलाही दाखवता यायची नाही. २७ जून २०२३ रोजी याच पेठेत सकाळच्या वेळी, भर रस्त्यात, एका तरुणाने कॉलेजच्या मुलीवर कोयता उगारला. तो तिच्या ओळखीचा होता. मुलगी जीव घेऊन पळत होती आणि बघे बघत होते. त्याचा हात धरला तो स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी गावाहून येऊन पुण्यात राहिलेल्या पोरांनी. जवळच्या पेरुगेट चौकीतले पोलीस जागेवर नव्हते, म्हणून त्यांना निलंबित करावं लागलं.

या प्रसंगात पेठेचं नाव कामाला आलं नाही, चौकीची पाटी कामाला आली नाही. कामाला आली ती 'बॅचलर' पोरं. 'बॅचलरना देणार नाही' असं म्हणत पुण्यातल्या सोसायट्या ज्यांना गेटवरूनच परत पाठवतात, तीच. सोसायट्यांच्या सेक्रेटरींनी याचा विचार करावा. ज्यांना तुम्ही धोका समजून बाहेर ठेवता, तीच माणसं रात्री-अपरात्री रस्त्यावर जागी असतात. अभ्यासिकेतून परतणारी, शेवटचा चहा घेणारी, कॉल सेंटरच्या गाडीची वाट पाहणारी. त्यांच्यामुळे रस्ता ओस पडत नाही. जेन जेकब्स या अमेरिकन लेखिकेने १९६१ मध्ये आपल्या पुस्तकात हेच मांडलं होतं: रस्ता सुरक्षित राहतो तो त्याच्यावर असलेल्या सर्वसामान्य माणसांच्या नजरेमुळे. साडेनऊला सामसूम होणारी, उंच भिंतींची, सीसीटीव्ही लावलेली गल्ली कागदावर कितीही प्रतिष्ठित असली, तरी तिथे हाक ऐकायला माणूस नसतो.

दुसरा गैरसमज आकड्यांचा. गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात लोकसंख्येच्या प्रमाणात सर्वात कमी दखलपात्र गुन्हे नोंदलेल्या महानगरांत कोलकात्यापाठोपाठ पुणे होतं. बातम्या झाल्या, अभिनंदन झालं. पण हे आकडे नोंदलेल्या गुन्ह्यांचे असतात. ज्या ठाण्यात तक्रार घेताना माणसाला चार चकरा मारायला लावतात, तिथला आकडा आपोआप कमी येतो. जिथे बाई न घाबरता तक्रार द्यायला जाते, तिथला वाढतो. तेव्हा शहराच्या क्रमांकावर विसंबून गल्लीची निवड करू नका.

आणि भीती योग्य ठिकाणी वळवा. २०२२ मध्ये देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. त्याच वर्षी रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले ३२,८२५ जण पायी चालणारे होते. म्हणजे खुनाचे जेवढे गुन्हे, त्याहून जास्त माणसं नुसती चालताना मेली. गुंडांची चौकशी सगळे करतात. फुटपाथ आहे का, हे कुणीच विचारत नाही. १९ मे २०२४ च्या मध्यरात्रीनंतर कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शेने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांना उडवलं. कल्याणीनगर म्हणजे शहरातल्या सर्वात महागड्या भागांपैकी एक. भाडं जास्त मोजल्याने रस्ता सुरक्षित मिळतो, हा समज त्या रात्रीनंतर तरी सोडायला हवा.

मग बघायचं काय? सांगतो, आणि जरा सविस्तर सांगतो, कारण खरं काम इथे आहे.

दुपारी खोली पसंत पडली तर डिपॉझिट लगेच देऊ नका. रात्री साडेदहाला परत या. ज्या बसथांब्यावर किंवा मेट्रो स्थानकावर मुलगी उतरणार, तिथून खोलीच्या दारापर्यंत पायी चाला. बापाने एकट्याने नाही, मुलीने आणि आईने चालावं. बाप चार पावलं मागे राहिला तरी चालेल. दिवे मोजा. किती लागलेत आणि किती झाडांच्या फांद्यांत गडप झालेत, ते बघा. फुटपाथ आहे का, असला तर त्यावर गाड्या लावल्यात की टपऱ्या, की चालता येतं? वाटेत बायका दिसतात का? दुसऱ्या बायका निवांत चालताना दिसल्या, तर त्या रस्त्याला याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही. एखादा पडका वाडा, बंद पडलेलं बांधकाम, पत्रे ठोकलेला मोकळा प्लॉट मध्ये लागतो का? लागत असेल तर दुसरी वाट आहे का?

वेळ बदलून बघणं फार महत्त्वाचं आहे. स्वारगेटचं एसटी आगार दिवसा माणसांनी फुललेलं असतं. २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे त्याच आगारात उभ्या असलेल्या बसमध्ये एका तरुणीवर अत्याचार झाला. दिवसाची गर्दी पहाटेच्या अंधाराची हमी देत नाही. मुलीची शिफ्ट सकाळी सहाची असेल, तर तिचा रस्ता सकाळी साडेपाचला बघायला हवा.

मग विचारा, पण एजंटला नको. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला विचारा, दुकान कितीला बंद करता? स्टँडवरच्या रिक्षावाल्याला विचारा, रात्री अकराला गाडी मिळते का? घरकामाला येणाऱ्या मावशींना विचारा. पहाटे आणि अंधार पडल्यावर त्या याच गल्लीतून जातात आणि कुठल्या वळणावर पाय उचलून चालावं लागतं, ते त्यांना पाठ असतं. त्याच इमारतीत राहणाऱ्या मुलींना विचारा, आणि ते मालक समोर नसताना. मालकाकडे खोलीची दुसरी किल्ली असते का आणि तो न सांगता आत येतो का, हे फक्त त्याच सांगतील.

पुढे इमारत बघा. जिन्याखाली विजेचे मीटर आणि त्याच मीटरला टेकून लावलेल्या दुचाक्या, हे दृश्य पुण्यामुंबईत इतकं सवयीचं झालंय की कुणाला खटकत नाही. आग तिथे लागली तर बाहेर पडायची एकमेव वाट धुराने भरते. ऑक्टोबर २०२३ मध्ये गोरेगावच्या जय भवानी इमारतीत आग खाली पार्किंगच्या भागातच लागली आणि वरच्या मजल्यांवरच्या किमान सात जणांचा जीव गेला. खिडकीची लोखंडी जाळी आतून उघडते का, हे हाताने हलवून बघा. चोर आत येऊ नये म्हणून ठोकलेल्या जाळीतून आगीत माणूसही बाहेर पडू शकत नाही. आगीची यंत्रणा बसवणं ज्या इमारतींना बंधनकारक आहे, त्यांनी ती चालू असल्याचं प्रमाणपत्र, 'फॉर्म बी', दरवर्षी जानेवारी आणि जुलैत द्यायचं, असं २००६ चा महाराष्ट्राचा अग्निसुरक्षा कायदा सांगतो. सेक्रेटरीकडे ते मागा. तुम्ही भाडं भरणार आहात, तेव्हा संकोच कशाला?

तळमजल्याची खोली स्वस्तात मिळत असेल तर ओढा कुठे आहे ते शोधा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा अरण्येश्वर, सहकारनगर भागातल्या घरांत घुसला. पुणे आणि परिसरात त्या पावसाने वीसहून अधिक माणसं गेली. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत मुठेचं पाणी शिरलं. भिंतीवरचा पाण्याचा डाग नव्या रंगाखाली झाकता येतो. शेजारच्या किराणा दुकानदाराची आठवण झाकता येत नाही.

कागदांचंही बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१६ च्या आदेशामुळे पोलिसांना संवेदनशील गुन्हे वगळून एफआयआर संकेतस्थळावर टाकावे लागतात. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर पोलीस ठाणं निवडून ते वाचता येतात. सोनसाखळ्या कोणत्या चौकात ओढल्या, गाड्या कुठून चोरीला गेल्या, हे तिथे लिहिलेलं असतं. लैंगिक गुन्हे त्यात दिसत नाहीत, हे मात्र ध्यानात ठेवा. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ हेच सांगतं. 'नोंदणी कशाला, आपण घरचेच' असं म्हणणाऱ्या मालकाची खोली घेऊ नका.

आणि इथे पोलीस आयुक्तांना एक विचारायचं आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे देणं तुम्ही सक्तीचं केलं. फोटो, आधार, मूळ गावचा पत्ता, सगळं घेता. पण अठरा वर्षांची मुलगी ज्या मालकाच्या छपराखाली राहायला येते, त्या मालकाची माहिती तिला कोण देणार? पीजी चालवणाऱ्यावर काही गुन्हा आहे का, हे तिला कुठे कळतं? पडताळणी एकाच बाजूची का? नवखा माणूस म्हणजे संशयित आणि घरमालक म्हणजे सज्जन, हे गृहीतक पोलिसांनी आता सोडावं.

आता आईबापांसाठी. 'सातच्या आत घरात' हा नियम सुरक्षिततेचा उपाय नाही. नऊला गेट बंद करणारं वसतिगृह निवडलंत आणि मुलीची बस ट्रॅफिकमध्ये अडकली, तर सव्वानऊला ती बंद गेटबाहेर, अंधारात, एकटी उभी असते. तिला धोक्यात ढकलतो तो तुम्हीच मागून घेतलेला नियम. त्याहून वाईट म्हणजे, उशीर झाल्याची बोलणी खावी लागतील म्हणून काही घडलं तरी ती तुम्हाला सांगत नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईचा अभ्यास करून २०११ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात ठामपणे म्हटलंय, की बायकांना घरात कोंडून शहर सुरक्षित होत नाही. त्या मोठ्या संख्येने रस्त्यावर आल्या की होतं. सेफ्टीपिन हे ॲप २०१३ पासून रस्त्यांची सुरक्षितता जोखतंय. त्यात दिवे, मोकळेपणा, फुटपाथ, माणसांची आणि बायकांची वर्दळ, वाहतुकीची सोय असे निकष आहेत. आडनावाचा रकाना त्यात नाही.

मुलगी नव्या शहरात निघाली की तिला तीन गोष्टी सांगून पाठवा. ११२ वर फोन करायला लाजायचं नाही. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून कुणी परत पाठवलं तर ऐकून घ्यायचं नाही. आणि काहीही झालं, कितीही वाजले असले, तरी आम्हाला फोन करायचा. आधी तुला घरी आणू, बाकीचं नंतर. यातली तिसरी गोष्ट तिला जितकी खरी वाटेल तितकी ती जास्त सुरक्षित राहील.

गल्लीतला दिवा बंद असेल तर खोली नाकारून पुढे जाऊ नका फक्त; महापालिकेकडे तक्रार नोंदवा. तुमच्या मुलीला दुसरी खोली मिळेल, पण या गल्लीत कुणाची तरी मुलगी राहायला येणारच आहे. वस्ती कुणाची हे विचारण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात दिव्याची तक्रार होते. ती करा, आणि दिवा लागेपर्यंत महापालिकेची पाठ सोडू नका.