हँडबॉलचे स्वागताध्यक्ष

सन 2024 च्या डिसेंबर महिन्यात आशिया खंडातील आठ ठिकाणच्या महिला हँडबॉल संघांनी आपल्या देशाच्या राजधानीत यावे, इंदिरा गांधी क्रीडासंकुलात आठवडाभर एकमेकींशी झुंजून जेतेपदाचा निकाल लावावा आणि आपापल्या देशी सुखरूप परतावे, आणि या साऱ्या घडामोडींची यत्किंचितही वार्ता आमच्या जळगाव जिल्ह्यातील फैजपुराच्या वेशीपर्यंत पोचू नये, हा गोपनीयतेचा जो अपूर्व नमुना आपल्या वृत्तसृष्टीने घालून दिला, त्याबद्दल तिचे अभिनंदन करावे तितके थोडेच आहे. बऱ्हाणपूरच्या बाजारात आज केळीला काय भाव निघाला, हे आमच्या पारावरील मंडळींस दुपारच्या चहापूर्वी ठाऊक असते. सावद्याहून भरलेल्या केळीच्या वॅगनी दिल्लीस वेळेवर पोचल्या की नाही, याचीही इतल्ला घरबसल्या मिळते. परंतु त्याच दिल्लीत जपानच्या मुलींनी सलग विजेत्या दक्षिण कोरियास अंतिम सामन्यात 25 विरुद्ध 24, म्हणजे अवघ्या एका गोलाने, हरवले आणि यजमान भारताचा संघ सहाव्या स्थानी राहिला, ही गोष्ट ज्या सद्गृहस्थांस आम्ही सांगितली, त्यांनी प्रथम आमच्याकडे व मग एकमेकांकडे पाहिले आणि 'ह्यातले केळी किती खातात' एवढीच पृच्छा केली.

पृच्छा रास्त होती. जळगावच्या केळीस भौगोलिक मानांकनाची सनद मिळाली आहे, आणि मध्यंतरात खेळाडूच्या हातात दुसरे काही नसले तरी केळे असते, हे दूरचित्रवाणीवर टेनिस पाहणाऱ्या कोणासही ठाऊक आहे. तेव्हा या खंडीय स्पर्धेचा पुढचा मुक्काम फैजपुरासच का असू नये, असा प्रश्न आमच्या मनात उद्भवला व त्याचा मसुदा आम्ही तत्काळ करावयास घेतला.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा इष्ट आहे. चाळीस मीटर लांब व वीस मीटर रुंद अशा मैदानावर दर बाजूस सात जणी, त्यांतली एक गोलरक्षक. अर्ध्या अर्ध्या तासाचे दोन डाव. चेंडू हाती घेऊन तीनाहून अधिक पावले टाकता येत नाहीत आणि तीन सेकंदांहून अधिक काळ तो जवळ ठेवता येत नाही. ज्या प्रदेशात सातबाऱ्यावरील एका वेलांटीची दुरुस्ती या मेजावरून त्या मेजावर जाण्यास दोन पावसाळे घेते, त्या प्रदेशातील जाणत्या माणसास हा नियम ऐकून घेरी आली तर त्यात नवल नाही. याहून भयंकर नियम पुढेच आहे. एखादा संघ गोल करण्याचा प्रामाणिक प्रयत्न न करता चेंडू नुसताच इकडून तिकडे फिरवीत राहिला, तर पंच हात वर करून ताकीद देतात आणि त्यानंतर, 2022 पासूनच्या दुरुस्तीनुसार, अधिकात अधिक चार वेळा चेंडू एकमेकींकडे देऊन गोलावर मारा करावाच लागतो. न केल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. हा एक नियम जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेस लागू केला, तर सभागृहात प्रतिपक्षावाचून कोणीही उरणार नाही, असे आमचे नम्र मत आहे.

मात्र या खेळाचे खरे सौंदर्य गोलासमोरच्या सहा मीटरच्या रेषेत आहे. त्या रेषेच्या आत गोलरक्षिकेवाचून कोणाचाही पाय टेकता कामा नये. परंतु रेषेबाहेरून उडी घेऊन, देह आतल्या प्रदेशावर तरंगत असताना व पाय भूमीस लागण्यापूर्वी, चेंडू हातातून सुटला तर तो गोल ग्राह्य धरला जातो. मैदानाच्या अगदी कोपऱ्यातून, जेथून गोलाचे दोन्ही खांब जवळजवळ एकामागे एक दिसतात, कडेची मुलगी धावत येते, एका पायावर झेपावते, खांद्यामागे नेलेला हात तसाच राखून अंगाने गोलाच्या मध्याकडे कलत जाते, आणि गोलरक्षिका हात व एक पाय पसरून जवळच्या खांबाची बाजू झाकते त्याच क्षणी मनगटाच्या शेवटच्या वळणाने चेंडू तिच्या टाचेलगत आपटून जाळ्यात घालते. मग ती मुलगी आडवी जमिनीवर पडते, कोपर घासते, उठते, आणि गोलाचा आनंद न मानता उलट दिशेस धावत सुटते, कारण प्रतिपक्षाने मधल्या रेषेवरून खेळ तोवर पुन्हा सुरू केलेला असतो. हवेत असताना केलेली कृती वैध व जमिनीस पाय लागल्यावर केलेली अवैध, हा दंडक आमच्या पुढाऱ्यांनी हेलिकॉप्टर आल्यापासूनच अंगीकारला असल्याने, निदान एवढा भाग त्यांस समजावून सांगावा लागणार नाही.

चेंडूची पकड दृढ राहावी म्हणून खेळाडू बोटांना राळेसारखे चिकट द्रव्य लावतात. याची आमच्या सार्वजनिक कार्यकर्त्यांस गरज नाही. त्यांच्या हाती एकदा आलेली वस्तू तशीच राहते.

आता फैजपुराचा अधिकार कोणता, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, सन 1936 च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे, म्हणजे काँग्रेसचे, पन्नासावे अधिवेशन, खेडेगावात भरलेले पहिले, याच गावी भरले. अध्यक्षस्थानी पंडित जवाहरलाल नेहरू, स्वागताध्यक्ष शंकरराव देव, सिद्धतेचा भार खिरोद्याच्या धनाजी नाना चौधरींच्या शिरी, प्रचाराकरिता गावोगाव साने गुरुजी, आणि अधिवेशनासाठी उभारलेल्या बांबू-बोरूंच्या टिळकनगरास शोभा आणावयास खुद्द शांतिनिकेतनाहून नंदलाल बोस. इतक्या लहान गावास एवढा भार झेपेल काय, अशी शंका त्याही वेळी विद्वानांनी घेतलीच होती. विशेष म्हणजे त्याच वर्षीच्या ऑगस्टात बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये हँडबॉलचा प्रथम प्रवेश झाला होता. सहा देश, गवताचे उघडे मैदान, दर बाजूस अकरा, सगळे पुरुष, आणि अंतिम सामन्यात जर्मनीने ऑस्ट्रियास 10 विरुद्ध 6 असे हरवले. आमच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळीही देशी व्यायामाची प्रात्यक्षिके दाखविण्यास त्या वर्षी बर्लिनास होती. त्यांनी तेथील हँडबॉल पाहून आल्यावर त्याचा प्रसार केला असता, तर टिळकनगरच्या विस्तीर्ण आवारात एखादा सामना होऊन जाता. महिलांचा हँडबॉल ऑलिंपिकात यावयास मात्र 1976 साल उजाडावे लागले. तोवर चाळीस वर्षे मुलींनी काय करावे, याविषयी ऑलिंपिक समितीने काही तजवीज केल्याचे दिसत नाही.

एवढी पूर्वपीठिका सिद्ध झाल्यावर आम्ही मनातल्या मनात स्वागत समिती स्थापन केली व तिची पहिली सभाही भरविली. सभेपुढील पहिला विषय स्वागताध्यक्ष कोण, हा होता. या पदासाठी सहाजण बिनविरोध निवडून येण्यास राजी होते. अखेर सहाही जणांस स्वागताध्यक्ष करून, उरलेल्या इच्छुकांस कार्याध्यक्ष, आणि ज्यांस काहीच नको होते त्यांस सल्लागार असे ठरले. दुसरा विषय व्यासपीठाच्या लांबीचा. व्यासपीठावर बसणाऱ्यांची यादी वाचल्यानंतर, त्याची लांबी चाळीस मीटर भरते आणि ते ठेवावयास मैदानावाचून दुसरी जागा नाही, असे मंडपवाल्याने नम्रपणे निदर्शनास आणले. 'मग पोरी खेळतील कुठे?' असे मागच्या बाकावरील एका निवृत्त क्रीडाशिक्षकांनी विचारले. तेव्हा 'मास्तर, आधी सत्काराचं तर पाहू द्या,' असे त्यांस सांगण्यात आले.

तिसरा विषय पोशाखाचा निघाला व सभा एकदम जागी झाली. येथे आम्हांस जगाची थोडी हकीकत सांगणे प्राप्त झाले. 2021 च्या जुलैत बल्गेरियातील वार्ना येथे युरोपीय समुद्रकिनारी हँडबॉल स्पर्धेत नॉर्वेच्या मुली बिकिनीऐवजी आखूड विजार घालून उतरल्या, म्हणून त्यांस 1500 युरो दंड झाला. कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे बिकिनीच्या खालच्या वस्त्राची कुशीवरील रुंदी दहा सेंटिमीटरांहून जास्त चालत नसे. म्हणजे सुधारलेल्या युरोपात सभ्य गृहस्थ टेप घेऊन मोजमाप करीत होते. गवगवा झाल्यावर त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय महासंघाने नियम बदलून विजार मान्य केली. दिल्लीस आलेल्या इराणच्या मुली डोके झाकून व पूर्ण बाह्या, पूर्ण पायघोळ घालून खेळल्या, आणि तरीही त्यांचे चेंडू इतरांइतकेच जोराने गेले. एकीकडे अधिक कापडाबद्दल दंड, दुसरीकडे कमी कापडाची मनाई. दोन्हींकडे निर्णय करणारे कोण, हे वाचकांनी ओळखावे. आमच्या समितीने या प्रश्नावर पाऊण तास विचार केला. 'नाना, मले एवढंच सांगा, पोरी खेळतीन का आपण त्यांचे कपडे पाहत बसू?' असा प्रश्न पाणी आणून देणाऱ्या बाईंनी तांब्या ठेवता ठेवता विचारला. परंतु त्या समितीच्या सभासद नसल्याने हा प्रश्न इतिवृत्तात घेता आला नाही. समितीत एकही स्त्री नव्हती, हे त्यानंतर कोणाच्या तरी ध्यानी आले व एक उपसमिती नेमण्यात आली, जिच्या अध्यक्षस्थानी एका कार्याध्यक्षांच्या सौभाग्यवतींची योजना झाली. या सौभाग्यवती त्या वेळी माहेरी होत्या.

भोजनाचा विषय मात्र एकमताने पार पडला. डिसेंबर म्हणजे बामणोदच्या वांग्यांचा भर. तुराट्यांवर भाजलेली वांगी, बडगीत ठेचलेल्या हिरव्या मिरच्या, कांद्याची पात, कळण्याची भाकरी. कोरियाच्या मुलींस हे तिखट सोसेल काय, अशी शंका निघाली, ती एका सल्लागारांनी कोरियन लोणच्याचा दाखला देऊन परतविली. हा एकच विषय सांगोपांग चर्चिला गेला असे आम्ही खात्रीने म्हणतो.

शेवटी निघाला प्रमाणपत्रांचा प्रश्न, आणि खरे सांगावयाचे तर सभेस आलेले निम्मे लोक त्यासाठीच आले होते. आपल्या राज्यात शासकीय नोकरीत खेळाडूंस पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीस क्रीडेचे सवलतीचे गुण आहेत. या दोन्ही तरतुदी ज्या मुलीने ढोपरे फोडून घेतली तिच्यासाठी केल्या, यात शंका नाही. परंतु ज्या खेळाचे नाव गावात दहा जणांस ठाऊक नाही, त्या खेळात खेळाडू कमी व दाखला सुलभ, हा हिशेब आमच्या चाणाक्ष पालकांनी केव्हाच मांडला आहे, आणि बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळविल्याची प्रकरणे महाराष्ट्रात पोलिसांच्या दप्तरी गेली आहेत. एका पालकांनी तर सात खेळाडूंचा संघ हा अन्याय असून बर्लिनप्रमाणे अकराचा करावा, म्हणजे प्रत्येक संघामागे चार दाखले वाढतील, अशी सूचना मांडली. तीस टाळ्या पडल्या. 'तुमची कन्या कोणत्या जागी खेळते?' असे निवृत्त मास्तरांनी विचारले, तेव्हा 'ती पुण्यास क्लासला आहे' असे उत्तर आले.

सभा तहकूब झाल्यावर मास्तरांनी आम्हांस एक गोष्ट सांगितली, जी त्या सभेत सांगावयास त्यांस वेळ मिळाला नव्हता. 2022 च्या मार्चमध्ये कझाकस्तानातील अल्माटी येथे भारताच्या कनिष्ठ गटाच्या मुलींनी अखेरच्या सामन्यात थायलंडचा 41 विरुद्ध 18 असा धुव्वा उडवून आशियाई विजेतेपद मिळविले. क्रिकेटच्या कुठल्याशा सराव सामन्यास तिसरे पान देणाऱ्या वर्तमानपत्रांतून या विजयासाठी किती सेंटिमीटर जागा निघाली, हे पाहावयास वार्नाचीच टेप पुरली असती. ते विजेतेपद मिळविणाऱ्या मुली कोणत्या गावच्या, त्यांस कोणी शिकविले, त्यांनी कोणत्या मैदानावर सराव केला, हे विचारावयास इकडून कोणीही गेले नाही, आणि ज्यांनी जावयाचे त्यांत आम्हीही आलोच.

तेव्हा फैजपुराची आशियाई स्पर्धा सध्या तरी पुढील सभेपर्यंत तहकूब आहे, असे समजावे. दरम्यान या परिसरातील शाळा-महाविद्यालयांत मुलींचे हँडबॉल संघ आहेत आणि त्यांचे सामने भरत असतात. ज्या दानशूरांनी आमच्या स्वागत समितीस देणग्या देऊ केल्या आहेत, त्यांस विनंती की त्यांनी ती रक्कम जवळच्या शाळेच्या क्रीडाशिक्षकांकडे चेंडूंच्या रूपाने पोचती करावी: महिलांचा क्रमांक 2 चा चेंडू, परीघ 54 ते 56 सेंटिमीटर, वजन 325 ते 375 ग्रॅम. शाली व नारळ स्वीकारले जाणार नाहीत.